काटक म्हणजे काय? : भीमथडीचे तट्टू आणि कोकणचा पावसाळा

मराठी भाषेने घोड्याला मान दिला, तट्टाला दिला नाही. चौकातल्या पुतळ्याखाली पुढचे पाय उचलून उभा असतो तो घोडा. वरातीत नवरदेवाला मिरवतो तो घोडा. जे हटून बसते ते मात्र तट्टू, आणि पैशासाठी कुणाचेही ओझे वाहणारा माणूस म्हणजे भाडोत्री तट्टू. 'अडेलतट्टू' हा शब्द तर आपण इतका सहज वापरतो, की त्यात एक जनावर आहे याचीही आठवण राहत नाही. आणि तरीही अठराव्या शतकात मराठी शिलेदार ज्या जनावरांवर बसून नर्मदा ओलांडून गेले त्यांतली बहुसंख्य पुतळ्यांतल्या घोड्यांसारखी नव्हती. ती बुटकी, पोटाने रुंद, पायाने पक्की, दिसायला बेताची अशी दख्खनी जनावरे होती. २०२३ साली महाराष्ट्राने जे राज्यगीत स्वीकारले त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. भाषेने केलेल्या अपमानाची एवढीच काय ती भरपाई.

या तट्टाविषयी जे काही लिहिले जाते त्यात एक विशेषण हटकून येते, ते म्हणजे 'काटक'. काटक म्हणजे कमी खाऊन जास्त चालणारे, उघड्यावर राहणारे, लाड न मागणारे. हे सारे खरेच आहे. पण काटकपणा हा जणू त्या जनावराच्या रक्तातच असलेला, माणसाला फुकट मिळालेला गुण आहे असे आपण समजत आलो. मला तसे वाटत नाही. या शंकेची तपासणी मी भीमेच्या काठावरून न करता निर्मळच्या तळ्याकाठावरून करणार आहे. तट्टाचे गुण त्याच्या मायभूमीत कळतात हे खरे. पण ते गुण कशावर उभे आहेत हे ते जनावर परक्या भूमीत गेल्यावर अधिक स्पष्ट दिसते.

निर्मळ हे वसईच्या किल्ल्याच्या उत्तरेला आणि सोपाऱ्याच्या पश्चिमेला वसलेले गाव. तळे, शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर, ख्रिस्ती वस्ती आणि चर्च, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा, आणि कार्तिक वद्य एकादशीला भरणारी जत्रा, अशी त्याची ओळख. शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे जिथे सापडले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जिथला स्तूप उकरला तेच हे बंदर. हा पट्टा हजारो वर्षे समुद्राकडे तोंड करून बसला आहे. येथे माल आला, धर्म आले, भाषा आल्या. घोडा मात्र येथे कधी रुजला नाही.

याचा एक मोठा गमतीदार पुरावा मार्को पोलोने ठेवला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राज्याविषयी लिहिताना तो सांगतो की येथल्या राजाचा समुद्रावरच्या चाच्यांशी करार आहे : लुटीत जे घोडे सापडतील ते सगळे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. कारण राजापाशी स्वतःचे घोडे नाहीत, आणि परदेशांतून हिंदुस्थानाकडे घोडे घेऊन जाणारी जहाजे तर या किनाऱ्यावरूनच जातात. राजाने सोने सोडावे आणि घोडे मागावेत, यावरून घोड्याची टंचाई किती असेल ते समजते.

टंचाईचे कारण मातीत आहे. गाय, बैल आणि म्हैस यांचा खूर दुभंगलेला असतो. चिखलात तो फाकतो, भार पसरतो आणि पाय वर निघतो. घोड्याचा खूर एकसंध. तो चिखलात वाटीसारखा रुततो. जमीन चार महिने ओली राहिली की खुराचे शिंग मऊ पडते, तळव्याच्या खाचेत घाण साचते आणि ती कुजू लागते. त्यात खाण्याचा प्रश्न. बैल रवंथ करतो, त्यामुळे भाताच्या पेंढ्यावरही तो तग धरतो. घोड्याचे पोट एकच आणि लहान. चारा आंबतो तो पुढे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. दमट, बुरशी धरलेले गवत पोटात गेले की ते बाहेर काढण्याचा मार्ग नाही. मग पोटशूळ, आणि पुष्कळदा मरण. पावसाळ्यात गोमाशा वाढतात आणि त्यांच्या दंशातून सर्रा हा रक्ताचा रोग पसरतो, तो वेगळाच. वसईच्या बागाईतांनी आपल्या विहिरींवरच्या रहाटांना रेडे आणि बैल जुंपले, घोडी जुंपली नाहीत, यात त्यांचे शहाणपण होते.

आता घाट चढून वर जाऊ. भीमा आणि नीरा यांच्या मधला आणि काठांवरचा प्रदेश हा पर्जन्यछायेतला : पाऊस थोडा, जमीन काळ्या कातळाची आणि मुरमाची, झाडी विरळ, हवा कोरडी. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमथडी हे नाव तिथूनच आले, आणि पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याचेही ते बराच काळ नाव होते. येथे शिंगरू जन्मल्यापासून कठीण जमिनीवर चालते; खूर झिजतो, वाढतो आणि त्या झिजण्या-वाढण्यातच घट्ट होतो. पावसाळ्यानंतर थोडे दिवस गवत मिळते, पुढे ज्वारीचा कडबा, आणि जनावर कामाचे असेल तर हरभऱ्याची किंवा कुळथाची चंदी. कोरड्या हवेत वैरण कुजत नाही. थंडीत रात्र गार, उन्हाळ्यात दुपार भाजणारी. अशा ठिकाणी उंच, लांब पायांचे, भरपूर खाणारे जनावर परवडत नाही आणि टिकतही नाही. टिकते ते खांद्यापाशी साधारण सव्वाचार फूट उंचीचे, आखूड पाठीचे, मजबूत हाडाचे, खडकाळ उतारावर पाय न चुकवणारे. वॉल्टर हॅमिल्टनने १८१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गॅझेटियरमध्ये भीमेच्या काठी निपजणारी घोडी मराठ्यांत सर्वांत नावाजलेली असल्याचे नमूद केले आहे : मध्यम बांध्याची, बळकट, बहुधा गडद कुमाईत रंगाची आणि काळ्या पायांची.

या जनावराच्या 'शुद्ध' वंशाबद्दल बोलणाऱ्यांनी जरा जपून बोलावे असे मला वाटते. चौल, दाभोळ आणि गोवा या बंदरांतून शतकानुशतके अरबी आणि इराणी घोडे दख्खनेत चढत होते. बहमनी सुलतान आणि विजयनगरचे राय या दोघांनाही ते हवे असत, आणि पोर्तुगीजांनी तर होर्मुझहून गोव्याला येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावर ताबा बसवून त्याच्या जकातीवर गोव्याची तिजोरी भरली. त्या परदेशी रक्ताचा अंश गावरान घोड्यांत मिसळत गेला नसता तरच नवल. दख्खनच्या कातळाने त्यातले आपल्याला हवे ते ठेवले आणि नको ते गाळून टाकले. भीमथडीचे तट्टू हे जितके रक्ताचे तितकेच भूगोलाचे अपत्य आहे.

पण भूगोल म्हणजे सर्व काही नव्हे. सभासदाने शिवाजी महाराजांच्या पागेची जी रचना सांगितली आहे ती आपण सहसा हुद्द्यांची उतरंड म्हणून वाचतो : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. याच मजकुरात आणखी दोन माणसे आहेत आणि त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि खूर पाहणारा. ज्या फौजेचे जनावर 'काटक, लाड न मागणारे' म्हणून आपण मिरवतो त्या फौजेत पंचवीस जनावरांच्या खुरांसाठी एक माणूस नेमलेला होता. सभासद पुढे हेही सांगतो की पावसाळ्यात लष्कर छावणीला परतावे, त्यासाठी दाणा, वैरण आणि जागा आधीच सिद्ध असावी, आणि दसऱ्याला लष्कराने बाहेर पडावे. आठ महिने स्वारी आणि चार महिने थान, असा हा क्रम. चालण्याची ताकद त्या चार महिन्यांत साठवली जात असे.

भाषेतही या सांभाळण्याचे अवशेष पडलेले आहेत. तोबरा, खरारा, अगाडी-पिछाडी, तंग, रिकीब, मोतद्दार, चंदी हे सगळे शब्द एका लुप्त झालेल्या कामाचे. 'खोगीरभरती' ही आज निरुपयोगी माणसांची किंवा मजकुराची निंदा. पण खोगिरात नेमके काय आणि किती भरावे यावर जनावराची पाठ सोलली जाते की शाबूत राहते हे अवलंबून असे. 'देवमण' हा छातीवरचा शुभ भोवरा पाहून घोडा घेणारे लोक होते, तसे त्याचे दात आणि खूर पाहून घेणारेही होते. दुसऱ्या प्रकारच्या लोकांच्या हिशेबवह्या कुणी फारशा जपल्या नाहीत. आणि व्याह्याने धाडलेल्या घोड्याची म्हण तर सांगते, की घरी आलेले घोडे हा मान नसून खर्च आहे. ज्याला चंदी विकत घ्यावी लागली त्यानेच ही म्हण केली असणार.

या विषयावरचा मराठीतला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज कुठल्या शालिहोत्राच्या पोथीत नाही. तो एका पत्रात आहे, आणि त्या पत्राचे स्थळ आहे कोकण. राज्याभिषेकाच्या थोडे आधी शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात हालवर्ण येथे असलेल्या आपल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना पाठवलेले हे पत्र राजवाड्यांनी प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ते रयतेविषयीच्या कळवळ्याचे पत्र म्हणून पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून उद्धृत होत आले आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका, एवढेच त्याचे सार लोकांच्या ध्यानात राहिले आहे. पण पत्र सबंध वाचले तर त्याचा कणा घोडा हा आहे.

त्यातला मुद्दा थोडक्यात असा. पागेसाठी पावसाळ्याची म्हणून जी बेगमी केली होती ती लष्कराच्या मुक्कामामुळे बरीचशी आधीच खर्च झाली. वैशाखातले दिवसही पागेला तिथेच काढावे लागले. आता गडागडांवरून धान्य काढून कशीबशी सोय केली आहे. तेव्हा हाताशी आहे तोवर मनमानेल तसे दाणा-गवत चारू नका. ते संपले की पडत्या पावसात कुठूनही मिळणार नाही, घोड्यांना उपास घडतील, ती मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल. पुढचे पाऊल अधिक भेदक आहे. घोडी उपाशी पडली की लोक गावात शिरतील. कुणी दाणे उचलील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी जळण, कुणी भाजी. मग जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे त्यांना वाटेल. यानंतर महाराज आगीकडे वळतात. पागेच्या खणांत गवत पडलेले असते. कुणी चुली पेटवील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा सुटेल. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. गवत जळाले तर कुणब्यांच्या माना कापल्या तरी एक काडी पैदा होणार नाही.

हा उंदीर मला फार मोलाचा वाटतो. राज्य स्थापन करू पाहणारा माणूस रात्रीच्या वेळी वात ओढून नेणाऱ्या उंदराचा विचार करतो आहे, कारण वात म्हणजे गवत, गवत म्हणजे घोडा आणि घोडा म्हणजे रयत, ही साखळी त्याला दिसते आहे. पत्रातला रयतेचा कळवळा आणि पागेची निगा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. उपाशी घोड्याचे पोट अखेर कुणब्याच्या घरातून भरले जाते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट : ही घोडी तीच काटक दख्खनी घोडी होती. ती काही ना काही खाऊन जगतील, असे या पत्राने एका ओळीतही गृहीत धरलेले नाही. कोकणच्या पावसात काटकपणावर विसंबता येत नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

आता पुन्हा वसईकडे. १७३७ चा मार्च महिना मराठ्यांच्या इतिहासात विलक्षण आहे. त्या महिन्याच्या अखेरीस बाजीराव दिल्लीच्या वेशीवर उभा होता. मोगली फौजांना बगल देऊन, कित्येक दिवसांची मजल दोन-तीन दिवसांत मारून तो तेथे पोचला होता. त्याच सुमारास इकडे ठाणे पडले, अर्नाळा हाती आला आणि वसईची मोहीम सुरू झाली. एकाच राज्याची, एकाच जातीची जनावरे दोन टोकांना होती. उत्तरेत उघडे मैदान, कोरडी हवा, कापणीच्या दिवसांतले रान. तिथे तट्टाचा प्रत्येक गुण फळाला आला. वसईत तीन बाजूंना पाणी आणि दलदल, समोर दगडी तट. १७३९ च्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली ती सुरुंगांनी, खंदकांनी आणि पायी चढलेल्या माणसांच्या प्राणांनी. तटावर घोडा चढत नाही. घोडा इथे निरोप नेणारा, रसद आणणारा, घाटावरून खाली आणि खालून वर येजा करणारा. त्याच काळात नादिरशहा दिल्लीत होता आणि बाजीरावाला वसईचे काम उरकून फौज मोकळी हवी होती, हे घाईचे कारण इतिहासकार सांगतात. मला त्यात पंचांगाचीही घाई दिसते. मे महिना सरला की मृगाचा पाऊस. त्याआधी जनावरे घाटावर पोचली नाहीत तर हालवर्णची गोष्ट वसईत घडायची.

विजयानंतर शंकराजी केशव फडके वसईचे सरसुभेदार झाले आणि निर्मळचे तीर्थ पुन्हा नांदते झाले. पेशवाईचा अंमल येथे बसला, घोड्याचा बसला नाही. कारभार चालला तो गलबतांवर, बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावरून.

पानिपताचा उल्लेख टाळता येत नाही, पण तो एका वाक्याचा आहे : १७६१ च्या जानेवारीत वेढल्या गेलेल्या छावणीत जी घोडी उपासमारीने मेली तीही काटकच होती.

१८१८ नंतर या जनावराची मागणी करणारेच गेले. पुणे हॉर्स ही पलटण १८१७ च्या तहातून उभी राहिली खरी, पण इंग्रजी लष्कराला हळूहळू उंच घोडा हवा झाला आणि तो ऑस्ट्रेलियातून जहाजांनी येऊ लागला; त्याला वेलर म्हणत. देशी जातीची 'सुधारणा' म्हणजे तिची उंची वाढवणे, असे समीकरण झाले. सव्वाचार फुटांचे तट्टू त्यात नापासच होणार. मोजमापाची पट्टी बदलली की गुणाचा दोष कसा होतो याचे हे उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित वाटू नये. गंमत अशी, की याच काळात ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीचा आणि घोड्याचा एक नवा संबंध जुळला : मुंबईच्या तबेल्यांसाठी इथले वाळके गवत जाऊ लागले. घोडा इथे रुजला नाही, पण त्याची वैरण इथून गेली.

भीमथडीचे तट्टू मात्र उरले, आणि ते राखले मेंढपाळ धनगरांनी. पुणे, अहिल्यानगर, सातारा, सोलापूर भागांतले मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन निघतात; काही वाडे दिवाळीनंतर घाट उतरून ठाणे-रायगडच्या भातखाचरांत येतात. भात कापलेले असते, जमीन वाळलेली असते, आणि शेतकऱ्याला खतासाठी मेंढ्या शेतात बसवून हव्या असतात. या प्रवासात सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असतो : जाळी, भांडी, पटकुरे, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी कधी लहान मूल. तट्टांना तबेला नाही. ती मेंढ्यांबरोबर चरतात, मुक्कामावर पाय बांधून सोडतात, शिंगरे वाटेतच जन्मतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईमागे चालू लागतात. पाहणाऱ्याला ती मोकाट, अर्धरानटी वाटतात. पण कुठल्या घोडीला ओझे द्यायचे नाही, कुठल्या पाण्यावर थांबायचे, कुठल्या आठवड्यात घाट चढायचा हे सारे कुणीतरी जाणते, बहुधा वाड्यातली बाई. ही निगा कागदावर नाही, म्हणून ती नाहीच असे आपण धरून चालतो.

२०२३ साली राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती आदींनंतरची देशातली ही आठवी जात. आनंदाची गोष्ट आहे. पण इंग्लंडातल्या एक्समूर तट्टांचा अनुभव लक्षात घ्यावा. पठारावर बारमाही उघड्यावर राहणारी ही काटक जात. १९२१ मध्ये तिच्यासाठी संस्थाही निघाली. तरी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पन्नासच्या आसपासच जनावरे उरली, कारण पठारावर त्यांच्याकडे पाहणारी माणसे युद्धावर गेली होती. पुढे जात सावरली, आणि एक नवीनच दुखणे पुढे आले : असली तट्टे सखल भागातल्या हिरव्यागार कुरणात ठेवली की खुरांच्या आतला भाग सुजून ती लंगडी होतात. तुटपुंज्या चाऱ्यावर घडलेल्या शरीराला भरपूर चारा सोसत नाही. भीमथडीच्या तट्टांना आता हौशी मालक मिळू लागले आहेत. ते प्रेमाने चंदीवर चंदी घालतील, ही शक्यता मला उपासमारीइतकीच काळजीची वाटते. दुसरीकडे, गायराने आक्रसली, घाटवाटांचे महामार्ग झाले आणि अनेक वाड्यांनी तट्टे विकून टेम्पो घेतला. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. महामार्गाच्या कडेने शिंगरू घेऊन चालणे म्हणजे काय ते ट्रकवाल्याला विचारावे.

निर्मळची जत्रा कार्तिक वद्यात भरते, म्हणजे मेंढपाळांचे वाडे घाट उतरतात त्याच दिवसांच्या आसपास. खाचरे वाळलेली असतात, गवत कापून रचलेले असते, गोमाशा कमी झालेल्या असतात. कोकणात घोड्याने यावे असे हे चार-सहा महिने. वैशाख संपत आला की वाडे परत फिरतात. मृगाच्या आत घाट चढायचा असतो. तट्टांचे खूर आणि मेंढ्यांची लोकर, दोन्हींना पाऊस सोसत नाही. चिमाजी आप्पांची फौजही त्याच दिवसांत परतीच्या वाटेला लागली होती.